खुलं पत्र : छाटणीच्या आधी टोळीतल्या बायकांबद्दल बोलायचंय

निफाड, दिंडोरी, चांदवड, नाशिक तालुक्यातल्या सगळ्या द्राक्ष बागायतदार दादांना, वहिनींना, मावश्यांना,

रामराम. गोडी छाटणी (ऑक्टोबरातली, माल धरायची) तोंडावर आलीय, कोणाची तारीख ठरलीय, कोणी अजून पावसाचा अंदाज बघत बसलंय, मुकादमांना फोन सुरू झालेत, काहींची उचलही देऊन झालीय. म्हणूनच आत्ता लिहितेय. एकदा टोळ्या शेडवर उतरल्या आणि डिपिंग-विरळणी (घड औषधात बुडवणं, दाटीतले मणी कात्रीनं काढणं) सुरू झाली की माल निघेपर्यंत आपल्यापैकी कोणालाच डोकं वर काढायला वेळ नसतो, मलाही नसतो.

मी तुमच्यातलीच. साडेचार एकर बाग आहे, नवरा औषध-पाणी बघतो, मजुरांचं सगळं मी बघते, वीस वर्षं झाली. तेव्हा कोणी बाहेरचं माणूस येऊन आपल्याला शहाणपण शिकवतंय असं समजू नका. यात मी स्वतः चुकलेय ते पण पुढे लिहिलंय.

मागच्या सीझनला डिसेंबरात विरळणी चालू होती. आमच्याकडे टोळी सुरगाण्याकडची, बरीच वर्षं तीच येते. त्यात एक नवीन पोरगी होती, एकोणीस-वीस वर्षांची असेल, अंगानं काडी. दिवसभर हात वर करून कात्री चालवायची, दुपारी सगळ्यांसोबत भात आणि पाण्यासारखी आमटी खायची, परत उभी. साडीचा पदर असा घ्यायची की मला शेवटपर्यंत कळलं नाही की तिला सातवा संपत आलाय. मला! जी रोज हजेरी घेते. एका रात्री तिच्या पोटात दुखायला लागलं, पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, पहाटे मुलगा झाला, एक किलो नऊशे ग्रॅम. बाळ वाचलं, आई पण. पण मी तिला विचारलं की बाई तू सांगितलं का नाहीस, तर म्हणाली, "ताई, सांगितलं असतं तर मुकादमानं आणलंच नसतं."

एवढंच बोलली. मी गाडीत बसून घरी येईपर्यंत एक शब्द बोलू शकले नाही.

माझी भाची पुण्यात नर्सिंग करते. तिला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, आत्या, तू डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम वाच, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे, आणि मग मला सांग तुला काय वाटतं ते. तेव्हापासून जमेल तसं वाचतेय, अडेल तिथे तिला विचारतेय. जे समजलं ते आपल्या भाषेत सांगते.

हे डायबेटीसचे डॉक्टर. पुस्तकात लिहिलेलं असायचं की हा डायबेटीस वयस्कर आणि जाड माणसांना होतो, आणि यांच्यासमोर ओपीडीत येऊन बसायची तरुण, सडपातळ माणसं. असं का? त्याच काळात तिकडे इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर नावाचे एक संशोधक वेगळंच काहीतरी म्हणत होते. हर्टफर्डशायर भागात १९११ पासून आरोग्यसेविका घरोघर जाऊन बाळाचं जन्माचं वजन, एक वर्षाचं वजन, अंगावर पाजलं का बाटलीनं, हे सगळं वहीत लिहून ठेवायच्या. त्या जुन्या वह्या बार्करांच्या टीमला सापडल्या. त्यातली बाळं तोवर म्हातारी झालेली, बरीच वारलेली. त्यांनी पाच हजारांवर पुरुषांच्या नोंदी जुळवल्या आणि १९८९ मध्ये छापलं की जी बाळं जन्माला आणि वर्षाची होईपर्यंत वजनानं कमी राहिली, ती पुढे हार्टच्या आजारानं जास्त मेली. म्हणजे साठाव्या वर्षी येणाऱ्या अटॅकची सुरुवात पोटात असताना होऊ शकते. सुरुवातीला बऱ्याच लोकांना हे पटलंच नाही. (मला त्या वह्या लिहिणाऱ्या बायकांचं फार कौतुक वाटतं. आपल्या अंगणवाडी ताई पण तेच करतात, घरोघर जाऊन वजनं लिहितात, आणि आपण त्यांना दारातूनच वाटेला लावतो.)

याज्ञिक डॉक्टरांनी हे आपल्या मातीत तपासायचं ठरवलं. १९९३ ला पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये काम सुरू केलं, आणि त्यातली मोठी गोष्ट ही की बाई गरोदर राहायच्या आधीपासून तिची उंची, वजन, खाणं, कष्ट सगळं मोजलं, मग दिवस राहिल्यावर पण मोजत राहिले, सातशेच्या वर बाळं जन्मली आणि तीच मुलं आज तिशीला आली तरी त्यांच्यामागे हे काम चालूच आहे. गावं आपल्यासारखीच, शेतकऱ्यांची. बायका पण आपल्यासारख्याच, पहाटे उठून पाणी, भाकऱ्या, गुरं आणि मग शेत.

त्यात काय निघालं ऐका. तिथल्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळाचं साडेतीन. हे आपल्याला नवीन नाही. पण त्यांनी बाळांच्या कातडीखालची चरबी पण मोजली, तर स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि चरबी मात्र इंग्लंडच्या बाळाच्या मानानं फारशी कमी नाही! बाळ दिसायला बारकं, आत चरबी. याला त्यांनी बारीक-लठ्ठ भारतीय बाळ असं नाव दिलं. त्यांचा एक फोटो पण प्रसिद्ध आहे, २००४ मध्ये छापून आलेला, याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडचे सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचा सेम, २२.३, पण अंगातली चरबी साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. म्हणजे वजनकाटा सांगतो तेवढ्यावर आपल्या लोकांनी समाधान मानून चालणार नाही.

आता तुम्ही म्हणाल यात बागेचा काय संबंध. तर माझ्या मते हे सगळ्यात आधी कोणाला समजायला पाहिजे तर द्राक्षवाल्याला.

आपण एप्रिलात खरड छाटणी करतो, म्हणजे वेल खाली कापून नवीन काड्या फुटू देतो. तेव्हा घड दिसतो का? नाही. पण साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीतल्या डोळ्याच्या (कोंबाच्या) आत सूक्ष्म घड तयार होतो, हे आपल्यातल्या दहावी नापास माणसाला पण पाठ आहे. तेव्हा ऊन पडलं नाही, मे महिन्यात आभाळ राहिलं, पाऊस लागून राहिला, काडीला पोसायला मिळालं नाही, की ऑक्टोबरात कितीही भारी औषध मारा, कितीही खत सोडा, घड जिरतो नाहीतर घडाऐवजी नुसती बाळी (वेलीचा तणावा) निघते. म्हणून तर आपण छाटणीआधी काड्या लॅबला देऊन डोळे तपासून घेतो. गोडी छाटणीला आपण फक्त बघतो, ठरलेलं असतं एप्रिल-मे मध्येच.

माणसाच्या बाळाचं पण तसंच आहे हो. किडनीत रक्त गाळणाऱ्या ज्या बारीक बारीक गाळण्या असतात त्यांची संख्या जन्माच्या आधी, साधारण ३६ आठवड्यांपर्यंत ठरून जाते, नंतर एक पण नवीन होत नाही. साखर सांभाळणाऱ्या इन्सुलिनच्या पेशींचा पाया पोटात असताना आणि पहिल्या काही वर्षांत पडतो. पोटात मुलगी असेल तर तिच्या अंगात पुढे तिला होणाऱ्या लेकरांची बीजं पण त्याच नऊ महिन्यांत तयार होतात. म्हणजे आपल्या बागेत जी गरोदर बाई उपाशी उभी असते तिच्या पोटात कदाचित तिची नातवंडं पण असतात. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आणि वजन म्हणजे सगळं नव्हे हे पण सांगते. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये माणसं उपाशी मेली, फार मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी ज्यांना पहिले काही महिने होते अशा बायकांना पुढे जेवायला मिळालं, त्यांची बाळं वजनानं बरी निघाली, तरी मोठेपणी त्यांच्यात हार्टचा त्रास जास्त दिसला. म्हणून बाळ तीन किलोचं झालं, आता काय काळजी, असं पण म्हणता येत नाही.

आता खाण्याचं. त्या सहा गावांमध्ये असं दिसलं की नुसत्या पोट भरण्याच्या हिशेबाशी बाळाच्या वाढीचा संबंध फारसा लागला नाही, पण ज्या आया दूध, पालेभाजी आणि फळं जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं चांगली भरली. आणि ज्यांना गरोदरपणात फार कष्टाची कामं करावी लागली त्यांची बाळं लहान राहिली. साधं आहे की नाही? आपल्या आज्या हेच म्हणायच्या, फक्त त्यांचं कोणी ऐकलं नाही आणि त्यांनी पण सुनांच्या बाबतीत नेहमीच पाळलं असं नाही.

अजून एक, ते थोडं किचकट आहे पण महत्त्वाचं आहे. त्या आयांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश जणींना बी-१२ कमी होतं. हे व्हिटॅमिन भाजी-भाकरीत नसतं, दूध-दही, अंडी, मासे, मटण यातूनच मिळतं. ज्यांच्या रक्तात फॉलेट (फॉलिकच्या गोळीतलं व्हिटॅमिन) भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांच्या अंगात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची सुरुवात सगळ्यात जास्त दिसली. याचा अर्थ सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या आणि फॉलिकच्या गोळ्या बंद करायच्या असा अजिबात नाही, कृपा करून असं कोणाला सांगू नका, त्या गोळ्यांची गरज आहेच. अर्थ एवढाच की गोळी दिली म्हणजे काम झालं असं नाही, सोबत दूध, दही, अंडं पण पाहिजे.

आता आपल्या शेडवर काय होतं ते आठवा. ही माणसं पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येतात. मी त्या पोरीच्या सासूशी बसून बोलले होते. घरी असताना त्यांच्या ताटात नागलीची भाकरी असते, उडीद असतो, खुरासणीची चटणी, पावसाळ्यात रानभाज्या, ओढ्याचे मासे-खेकडे. आपल्याकडे आल्यावर? रेशनचा तांदूळ, मिरची, किराणा दुकानातलं पाच रुपयाचं बिस्कीट. म्हणजे द्राक्षाच्या सगळ्यात श्रीमंत पट्ट्यात येऊन या बायका आपल्या पाड्यापेक्षा वाईट खातात. त्यात गावाकडे आदिवासी भागात अंगणवाडीतून अमृत आहार योजनेत गरोदर आणि बाळंत बायकांना एक वेळचं ताजं चौरस जेवण मिळतं, ते पण इकडे आल्यावर सुटतं. तपासणी सुटते, कार्ड गावी राहतं, इथल्या आशाताईला माहीतच नसतं की कोणाच्या शेडवर कोण उतरलंय, कारण आपण कळवत नाही.

मी पण कधी कळवलं नव्हतं. वीस वर्षांत एकदाही नाही.

आणि फक्त मजुरांचंच कशाला. माझ्या पहिल्या वेळी मी याच घरात सून होते. सीझन चालू, पॅकिंगला माणसं, मी पहाटे पाचपासून चुलीपुढे, सगळे जेवले की मग मी, तोवर कधी भाजी उरायची कधी नाही. घरात म्हशीचं दूध होतं पण ते डेअरीला जायचं. जास्त खाऊ नको, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल, हे पण मला प्रेमानंच सांगितलं गेलं. मुलगा २ किलो ३०० ग्रॅमचा झाला. आज तो कॉलेजला आहे, हातपाय बारीक, पोट थोडं पुढे, आणि मागच्या वर्षी तपासणी शिबिरात त्याची साखर बॉर्डरवर निघाली. माझ्यामुळे झालं का हे? भाचीला विचारलं तर ती म्हणाली, आत्या, एका माणसाबद्दल असं कोणीच सांगू शकत नाही, आणि खबरदार स्वतःला दोष दिलास तर, तू काही स्वतःहून उपाशी राहिली नव्हतीस. तिचं बरोबर आहे. हे सगळं वाचून कोणी सुनेला म्हणायला लागलं की तूच नीट खाल्लं नाहीस म्हणून पोराला असं झालं, तर माझं पत्र लिहिणं फुकट गेलं. ताटात काय पडतं आणि डोक्यावर किती ओझं असतं हे जे ठरवतात त्यांच्यासाठी हे पत्र आहे. शेतावर ते आपण ठरवतो.

काही जण म्हणतील, आमच्या आजीनं बांधावर बाळंत होऊन परत खुरपं हातात घेतलं होतं. माझ्या पण आजीनं घेतलं होतं. तिला नऊ झाली आणि चार राहिली, हे पण सांगा ना मग.

काही म्हणतील, भाव पडलेत, औषधाचा खर्च परवडत नाही, तू हे नवीन काय काढलंस. बरं, हिशेब करू. अर्धा लिटर दूध, साठ रुपयाच्या भावानं तीस रुपये रोज, शंभर दिवसांचे तीन हजार. एका टोळीत गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या अशा किती असतील, एक, दोन, फार तर तीन. आपण एका फवारणीला किती घालवतो ते तुम्हाला माहिती आहे. युरोपला माल पाठवायचा तर मण्यामण्यातला रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, तपासून घेतो आपण, पैसे भरून, रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला. माझं म्हणणं आहे की तो घड ज्या हातांनी विरळला त्या हातांची पण एवढी काळजी घेऊ.

मी या वर्षी काय करणार आहे ते सांगते, तुम्हाला पटलं तर तुम्ही पण करा.

टोळी ठरवताना मुकादमाला मी स्पष्ट बोललेय की गरोदर बाई असेल तर मला पहिल्या दिवशी सांगायचं, तिला परत पाठवणार नाही आणि हजेरी पण कापणार नाही. ही दुसरी गोष्ट नाही बोललो तर पहिलीचा काही उपयोग नाही, ती परत पदर ओढून उभी राहील. तिला उभ्यानं विरळणी नाही, कॅरेट उचलायचं नाही, जीएच्या (मणी फुगवायच्या संजीवकाच्या) पाण्यात हात घालायचा नाही, औषध कालवायचं नाही, आणि फवारणी झालेल्या प्लॉटमध्ये त्या दिवशी जायचं नाही. बसून करायची कामं बागेत ढीगभर असतात, घडांना लावायचे पेपर कापणं, पॅकिंगच्या वेळी घड निवडणं. टोळी उक्त्यावर असली तर तिचा वाटा कमी पडतो म्हणून बाकीचे कुरकुर करतात, तो फरक मी भरून देणार आहे. दुपारी दूध किंवा ताक, सकाळी एक अंडं, आणि आमच्या परसात मेथी, शेपू, चाकवत टाकलाय, शेवगा आहेच, तो सगळ्यांसाठी. गावाकडून नागली आणायला पण सांगितलंय, दळून मी देईन.

तान्ही बाळं असतात त्यांचं वेगळं. मांडवाला झोळी बांधलेली असते आणि आई चार ओळी पलीकडे, बाळ रडून रडून झोपून जातं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध हे आपण सगळे ऐकून आहोत, पण आईला काम सोडून यायची मुभाच नसेल तर ते दूध बाळापर्यंत पोचणार कसं. तर दर दोन तासांनी हक्कानं जायचं, कोणाला विचारायचं नाही. गरोदरपणाचे नऊ महिने आणि बाळाची पहिली दोन वर्षं, मिळून साधारण हजार दिवस होतात, त्यातले शंभर-सव्वाशे दिवस ती आपल्या शेडवर असते. आपल्या हातात तेवढेच आहेत.

लग्न झालेल्या पण अजून दिवस न राहिलेल्या पोरींना पण हेच खाणं द्या असं माझं सांगणं आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक अभ्यास झाला, त्यात बायकांना दिवस राहायच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला एक खाऊ दिला. सगळ्या मिळून बघितलं तर बाळांच्या वजनात फरक दिसला नाही, हे पण खरं खरं सांगते. पण ज्यांनी दिवस राहायच्या निदान तीन महिने आधी सुरू केलं त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनं जास्त भरलं, आणि तो खाऊ खाणाऱ्यांमध्ये गरोदरपणातली साखर १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्क्यांवर आली. ४८ ग्रॅम म्हणजे काय असं वाटेल. पण साखरेचा आकडा बघा, जवळजवळ निम्मा. आणि हे नुसत्या खाण्यानं, कुठलं महागडं औषध नाही. परत खरड छाटणीचंच, आधी पोसलं तर दिसतं.

आपल्या द्राक्ष बागायतदार संघाच्या चर्चासत्रांना हजारो लोक येतात, परदेशातले सल्लागार येतात, नवीन व्हरायटी, नवीन रूटस्टॉक सगळ्यावर बोलतात. तिथे एक तास या विषयाला द्या अशी माझी पदाधिकाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. पुण्याहून कोणी डॉक्टर बोलवा, आपल्या पीएचसीच्या सिस्टरला बोलवा, आणि बायकांना पुढच्या खुर्च्या द्या.

शेवटचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात, सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी आमचा पिकअप सकाळी नऊला निघणार, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत दर महिन्याला. मागे गादी टाकलेली असेल, ताडपत्री लावलेली असेल. आजूबाजूच्या चार-पाच गावांत ज्यांच्या शेडवर कोणी असेल त्यांनी आदल्या संध्याकाळी आमच्याकडे निरोप द्या, मी स्वतः सोबत जाणार आहे. कार्ड गावी राहिलं असेल तरी पाठवा, तिथे आशाताईशी बोलून ठेवलंय. आणि त्या दिवसाची तिची हजेरी लावा.

तुमचीच,
निफाड तालुक्यातली एक बागायतदारीण